दहापैकी दहा

मी यवतमाळच्या एका मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापिका होते. कॉपी पकडण्यात माझा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. चिठ्ठी कंपासपेटीच्या झाकणात असो, ओढणीच्या काठात असो नाहीतर मांडीखाली, वर्गात पाऊल टाकलं की मला वास यायचा. पकडलेल्या मुलीला मी मारत नसे. तिला सगळ्यांसमोर उभी करून ती चिठ्ठी मोठ्यानं वाचायला लावायची. याचा मला अभिमान होता. बाजारात बायका आपल्या पोरींना माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "या बाईसमोर खोटं चालत नाही." हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं याच बाईनं केलेलं आहे.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी माझे यजमान गेले. ते कलेक्टर कचेरीत नोकरीला होते. मुलगा पुण्याला. घरात मी एकटी, आणि त्याच सुमारास माझं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, किल्ली, सगळ्यांचं होतं तसं. मग दोनदा दूध जळलं. दुसऱ्या वेळी धूर पाहून शेजारीण धावत आली आणि तिनंच मुलाला फोन करून सांगितलं. त्यानंतर एक दिवस मी कळंबला मैत्रिणीकडे जायला निघाले आणि बाभुळगावच्या एसटीत बसले. गाडी चुकणं काही मोठं नाही. पण बाभुळगावच्या स्टँडवर उतरल्यावर आपण कुठे आणि कशासाठी निघालो होतो, तेच आठवेना. बाकावर बसून राहिले. पिशवीत मैत्रिणीसाठी घेतलेली लोणच्याची बरणी होती. ती हातात घेऊन पाहिली, तरी काही उलगडेना. शेवटी परतीच्या गाडीत बसले, घरी आले आणि हे कुणालाही कळू द्यायचं नाही असं ठरवलं.

मुलगा फोनवर म्हणायचा, "आई, आता पुरे. घराला कुलूप लाव आणि इकडे ये." त्याचं काही चुकत नव्हतं. पण त्याच्या सातव्या मजल्यावरच्या घरात मी दोन महिने राहून आले होते. दिवसभर दाराच्या भिंगातून समोरचं बंद दार बघत बसायचं. मला तिथे जायचं नव्हतं.

कापसाच्या पडत्या भावाची ती वर्षं होती. कापसातली सरकी काढणारे जिनिंग कारखाने एकेक करून बंद पडत होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची माहिती घ्यायला बाहेरून माणसं यायची, वर्तमानपत्रवाले, संस्थांचे लोक, सरकारी लोक. प्रत्येकाच्या हातात फॉर्म. खेड्यांतच नाही, आमच्या शहरातल्या गल्ल्यांतही ती फिरायची. त्यामुळे माझी एक जुनी विद्यार्थिनी वही घेऊन आमच्या भागात आली, तेव्हा कोपऱ्यावरच्या एका म्हातारीनं दारातूनच सांगितलं, "आमच्या घरी कोणी मेलं नाही, बाई. पुढच्या घरी जा."

ही मुलगी खेळात हुशार होती. व्यायामाचं शिक्षण घेऊन, लग्न होऊन ती पुन्हा यवतमाळलाच आली होती. साठीच्या पुढच्या बायकांसाठी तिला व्यायामाचा वर्ग काढायचा होता. कुठल्याशा प्रशिक्षणात तिनं ऐकलं होतं की उतारवयात व्यायामानं नुसते गुडघेच नाही, डोकंही चालतं राहतं. पण कोणत्या व्यायामानं? चालण्यानं, वजनं उचलण्यानं, की पाय आणि डोकं एकदमच कामाला लावण्यानं? हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. मला म्हणाली, "बाई, तुम्ही आल्या तर बाकीच्या आपोआप येतील."

एका बंद जिनिंगचं रुईचं गोदाम तिला मिळालं. छताच्या लोखंडी तुळयांना अजून रुईचे पुंजके लटकत होते आणि पहिला आठवडा आम्ही सगळ्या शिंकत होतो. तिनं तीन गट केले. एक गोदामाभोवती चालणाऱ्यांचा. दुसरा वाळू भरलेल्या बाटल्या उचलणाऱ्यांचा. तिसऱ्या गटासाठी तिनं जमिनीवर खडूनं नऊ चौकोन आखून त्यांत आकडे घातले. ती आकडा पुकारायची, त्या चौकोनात पाय टाकायचा आणि त्याच वेळी पन्नासपासून तीन-तीन कमी करत उलटं मोजायचं, नाहीतर भाज्यांची नावं घ्यायची. मी चालण्याचा गट घेतला. ज्या बाईनं निम्म्या गावाच्या मुलींना शिस्त लावली तिनं म्हातारपणी ठिकरी खेळायची, हे मला शोभणारं वाटेना.

चौकोनांच्या गटात एक मुसलमान बाई होती. वय माझ्याएवढंच. तिचे यजमान जिनिंगमध्ये फिटर होते. मुलगा लोहारा गावाकडच्या रस्त्यावर, घरालगतच, पंपाच्या मोटारी वाइंडिंग करून द्यायचा आणि रोज तिला मोटारसायकलवरून सोडून जायचा. सगळ्या तिला आपा म्हणत. आल्या आल्या बुरखा काढून भिंतीच्या खिळ्याला टांगायची, पदर खोचायची आणि चौकोनात उभी राहायची. पाय चुकला की स्वतःच खदखदा हसायची. रुमालात फुटाणे आणायची आणि सगळ्यांना वाटायची. मी दर वेळी हात जोडून "आज उपास आहे" म्हणायची. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, माझा रोज उपास. एकदा ती म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमचे उपास लय कडक हायेत." तिला सगळं कळत होतं. मला वाटायचं, कळत नाही.

महिन्यातून एकदा तपासणी असायची. व्यायामाआधी ती मुलगी सगळ्यांना दहा शब्द वाचून दाखवायची. विळा, आरसा, चिंच, कंदील असे साधेच. तासाभराच्या व्यायामानंतर एकेकीला जुन्या वजनकाट्यामागच्या टेबलापाशी बोलवायची आणि किती आठवतात ते वहीत लिहायची. ज्यांचे आकडे लागोपाठ कमी येतील त्यांच्या घरी ती कळवणार होती, डॉक्टरला दाखवा म्हणून. चांगल्या हेतूनंच सांगितलं होतं तिनं. मला मात्र मुलाचा चेहरा दिसला.

पहिल्या तपासणीत मला चार शब्द आठवले. आपाला आठ. ती मुलगी माझ्यापेक्षा जास्त ओशाळली. "आज तब्येत बरी नसन तुमची, बाई," म्हणाली. आपाला शाळा माहीत नव्हती. लहानपणी उर्दू अक्षरं गिरवली होती तेवढीच. ती आठ आणि मी चार, हे घरी जाईपर्यंत माझ्या डोक्यात घुमत होतं.

पुढच्या महिन्यात मी जोरानं चालले. पाय सुधारले, धाप लागेनाशी झाली, झोप चांगली लागू लागली. पण किती फेऱ्या झाल्या हे सातव्या-आठव्या फेरीला विसरायची. आपा पाणी प्यायला बाहेर आली की मला बघायची. एक दिवस सोबत चालू लागली.

"मास्तरीणबाई, चालू-चालू तुमी घरचाच इचार करून राह्यल्या. पाय चालते, डोकं बसूनच हाय. या ना आमच्यात. आकडा हुकला का डोकं खाडकन जागं होते."

मी म्हणाले, "उड्या मारायचं माझं वय नाही, आपा. आणि आकडे मला शिकवू नका."

ती एवढंच म्हणाली, "बरं, बाप्पा," आणि आत गेली.

दुसऱ्या तपासणीच्या दिवशी मी एसटीचं जुनं तिकीट आणि पेन्सिलीचा तुकडा ब्लाउजमध्ये खोचून नेला. शब्द ऐकले, चालायला म्हणून बाहेर पडले आणि गोदामाच्या मागे जाऊन आठवत होते तोवर दहाही लिहून काढले. टेबलापाशी जायच्या आधी एकदा वाचले. दहापैकी दहा! ती मुलगी आनंदानं ओरडलीच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "पहा," ती म्हणाली, "बाई रोज नेमानं चालतात, त्याचा हा परिणाम." तिनं माझ्या मुलालाही फोन करून सांगितलं. त्या रविवारी मुलगा फोनवर कितीतरी दिवसांनी मोकळा बोलला. मला लाज वाटली असं आज लिहिलं तर ते खोटं होईल. मला हायसं वाटलं.

पण गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. माझे दहा शब्द पाहून वजनं उचलणाऱ्या दोघी आणि चौकोनातल्या पाच-सहाजणी चालण्याच्या गटात आल्या. बाईंना फायदा झाला म्हणजे आपल्यालाही होईल. चौकोनांत आपा आणि अजून दोघी उरल्या. एका बाईची चौकोनात चांगली प्रगती होत होती, नातवंडांची नावं तिची एकमेकांत मिसळायची ती आता कमी मिसळत होती. तीही माझ्यामागे चालू लागली. मी तिला परत जा म्हणाले नाही. काय कारण सांगणार?

तिसऱ्या तपासणीला मी पुन्हा एक जुनं तिकीट नेलं आणि गोदामामागे शब्द लिहून काढले. वाचून झाल्यावर ते कमरेला खोचलं आणि आत आले. माझ्या आधी दोघीजणी होत्या म्हणून मी सतरंजीवर बसले. उठताना ते कमरेतून सुटून खाली पडलं. मला कळलं नाही. शेजारी बसलेल्या आपाला दिसलं. तिनं हात टाकून ते मुठीत घेतलं, आणि नेमकं तेच त्या मुलीनं पाहिलं.

"आपा, हातात काय आहे?"

"काही नाही."

"दाखवा ना."

आपानं मूठ उघडली. तिकिटाच्या मागे पेन्सिलीनं दहा शब्द. सगळ्या गोळा झाल्या. कोणीतरी म्हणालं, "म्हणून आपाचे एवढे शब्द यायचे." आपाला देवनागरी लिहिता येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पण लगेच दुसरी म्हणाली, "सुनेकडून लिहून घेतलं असन." शब्द आत्ता तासाभरापूर्वी सांगितलेले, सून घरी, लोहाऱ्याच्या रस्त्यावर. ही साधी बेरीजही कुणी केली नाही. मला ती करता येत होती.

आपानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होते. ते केव्हाच लागलं होतं, तरी फिरवत होते.

"माह्या हातात सापडलं ना?" आपा म्हणाली. "मंग माहंच."

त्या मुलीनं तिकीट उलटसुलट करून पाहिलं. मग माझ्याकडे वळली. "बाई, तुम्हीच सांगा. काय करायचं?"

मी म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा."

आपानं खिळ्यावरचा बुरखा काढला, अंगात घातला, फुटाण्यांचा रुमाल उचलला. मुलगा यायला अजून वेळ होता, म्हणून उन्हात रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मी आत टेबलापाशी जाऊन शब्द सांगितले. तेव्हाही मला नऊ आठवले.

त्यानंतर आपा आली नाही. चौकोनांचा गट मोडला. खडूच्या रेषांवरून आम्ही सगळ्या ये-जा करत होतो, काही दिवसांत त्या पुसल्या गेल्या. मी घरी गच्चीवर खडूनं नऊ चौकोन आखले आणि एकटीच पाय टाकून पाहिले. एकतीस वर्षं गणित शिकवलेल्या मला पन्नासातून तीन-तीन वजा करत चालता येईना. सत्तेचाळीस, चव्वेचाळीस, पुढे पाय थांबायचा. पाय हलवला की आकडा जायचा. आपा हसत हसत काय करत होती, ते मला तिथे कळलं.

तीन आठवड्यांनी मी तिच्या घरी गेले. का गेले, याचं चांगलं कारण सांगता येणार नाही. झोप उडाली होती, एवढंच. वर्कशॉपमध्ये तिचा मुलगा तांब्याची तार गुंडाळत होता. त्यानं मला ओळखलं आणि खुर्ची दिली, पण पुन्हा तारेकडे वळला. मी विचारलं, "आई येत नाहीत हल्ली?"

"कायले पाठवू, मॅडम? दोन गिऱ्हाइकांनी मले हासून विचारलं, तुही माय म्हातारपणी कॉपी करते काय म्हणून. घरात बसलेली बरी."

मी तिथेच, उभ्या उभ्या, त्याला सांगितलं की चिठ्ठी माझी होती. त्याच्या हातातली तार थांबली. मी त्याच्याकडे बघू शकले नाही. मग त्यानं आत हाक मारली, "अम्मी!"

आपा ओले हात पुसत आली. मी तिलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "मले तवाच मालूम व्हतं. तुमी कवा येता ते पाहून राह्यली व्हती."

"मग तुम्ही का नाही बोललात? काहून स्वतःवर घेतलं?"

"तुमचा पोरगा तुमाले पुण्याले नेऊन टाकणार व्हता ना."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

तिनं हात पुसायचं थांबवलं. "तुमीच तं सांगतलं, मास्तरीणबाई. पहिल्या महिन्यात. पाण्याच्या टाकीपाशी. बाभुळगावचंबी सांगतलं, लोणच्याच्या बरणीचंबी. रडल्या व्हत्या तुमी."

मला ते आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. जे कुणालाही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, ते मी जिच्या हातचे फुटाणे घेत नव्हते तिला सांगितलं होतं, आणि सांगून विसरले होते. तिनं ते कुणालाही सांगितलं नाही. मी खुर्चीवर बसले. तिनं पाणी आणलं. ते मी प्यायले.

"परत या," मी म्हणाले.

"तिथं साऱ्यांसमोर सांगा आधी. मंग पाहू."

दुसऱ्या दिवशी मी वर्ग सुरू व्हायच्या आधी गेले आणि त्या मुलीला बाजूला घेऊन सांगितलं. वाटलं, तिच्या एकटीच्या कानावर घातलं म्हणजे पुढचं तीच सांभाळेल. ती खाली बघत म्हणाली, "बाई, मी अक्षर ओळखलं होतं. सहा वर्षं तुमचा फळा उतरवून घेतला मी. तुमचा ळ मला कळणार नाही काय? म्हणून तर तुम्हाला विचारलं. वाटलं, तुम्ही आता तरी बोलाल."

"मग तू का गप्प बसलीस?"

"तुमच्याविरुद्ध कसं बोलू? नाही जमलं." तिचे डोळे भरले होते. माझ्यामुळे तिनंही एका निरपराध बाईला दारातून जाऊ दिलं होतं. शाळेत मी तिला हेच शिकवलं होतं की काय, असं वाटून मला तिच्यासमोर उभं राहवेना.

बायका जमल्या. मी म्हणाले, "मागच्या तपासणीत जरा गैरसमज झाला." मागून ती मुलगी हळूच म्हणाली, "बाई, सरळ सांगा." मग मी सरळ सांगितलं. चिठ्ठी माझी, अक्षर माझं, आधीचे दहाही खोटे. एकजण फिसकन हसली. नातवंडांच्या नावांची गल्लत होणारी ती बाई म्हणाली, "म्हणजे मी उगाच चौकोन सोडले?"

आपा गोदामात परत आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. मी समजायचं ते समजले. पुढे हंगामात ते गोदाम एका सोयाबीनच्या व्यापाऱ्यानं घेतलं आणि वर्गच बंद झाला. कोणता व्यायाम डोक्याला चांगला, हे त्या मुलीला कधी नीट कळलं नाही. तिच्या वहीतला सगळ्यात मोठा आकडा माझा होता आणि तो खोटा होता.

मुलालाही मी खरं सांगितलं. तो आला, नागपूरला डॉक्टरकडे घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या. पुण्याला नेण्याचा हट्ट त्यानं धरला नाही. घरात सोबतीला एक बाई ठेवून दिली. इतकं साधं होतं ते. मी एकदा नीट बोलले असते तर!

आता मी आठवड्यातून दोनदा आपाच्या घरी जाते. वर्कशॉपच्या मागे अंगणात तिनं कोळशानं चौकोन आखलेत. ती आकडे पुकारते आणि मी पाय टाकते. ती कडक आहे, सूट देत नाही. एखाद्या दिवशी एकोणतीसपर्यंत पोचते, एखाद्या दिवशी चव्वेचाळीसलाच अडकते. हे लिहिताना काही तपशील मला तिला आणि त्या मुलीला विचारून घ्यावे लागले.

परवा व्यायाम झाल्यावर मी आपाला म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचं होतं, कधीचं राहून जातंय. ती चिठ्ठी माझी होती. माझं चुकलं." आपानं हातातलं धान्य पाखडायचं सूप खाली ठेवलं आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "हो मास्तरीणबाई," म्हणाली, "जाऊ द्या आता." निघताना तिची सून फाटकापर्यंत आली. तिनं हळूच सांगितलं, "मॅडम, राग नका मानू. हे तुम्ही मागच्या सोमवारीही सांगितलं होतं. त्याच्या आधीही. अम्मी म्हणतात, त्यांना बोलू द्या."

मी तिला विचारलं, किती वेळा? ती म्हणाली, "मोजलं नाही."